बघायचे पैसे

मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उन्हाळाच उभा राहतो. भेगाळलेली रानं, टँकरभोवतीची गर्दी, 2016 साली मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे. ते सगळं खरंच आहे. पण परभणीची थंडी अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली काळी जमीन रात्री भराभर निवते, त्यात उत्तरेचं वारं सुटलं की कृषी विद्यापीठातल्या हवामान केंद्राचा पारा पाच-सहा अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली जातो. मे महिन्यात 44 अंश सोसणाऱ्या याच गावात पौषातल्या पहाटे नळाखाली हात धरवत नाही. घरं बांधली जातात ती उन्हाळ्याच्या हिशोबानं. खोली गरम ठेवायची सोय आमच्याकडे कुणाच्याच घरात नसते. फ्लॅटमध्ये ऊब म्हणून जी काही असते ती न्हाणीघरातल्या गिझरमध्ये.

आमच्या घरात त्या गिझरवर सगळ्यात जास्त भिस्त आत्यांची. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना संधिवात आहे. हिवाळ्यात सकाळी त्यांच्या हाताची बोटं मिटलेलीच असतात. कढत पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं हात बुडवून बसल्या की बोटं हळूहळू उघडतात, मग त्या स्वतः वेणी घालू शकतात, स्वतःचा चहा स्वतः गाळू शकतात. गॅसवर पातेलं तापवून पाणी देता येतं, आम्ही ते दिलंही. पण भरलं पातेलं न्हाणीपर्यंत कुणीतरी न्यावं लागतं, आणि घरातली माणसं कामावर गेल्यावर आत्या कुणाला हाक मारणार? गिझर बंद पडला की त्यांचं दिवसभराचं स्वतःचं स्वतः करणंच बंद पडतं. म्हणून या विषयावर मी इतकं लिहिते आहे.

बिघाड असा होता की गिझर चालू केला, पाणी जरा तापायला लागलं, की मीटरजवळच्या पेटीतली ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप बंद होणारी कळ, पडायची आणि सगळ्या घराची लाईट जायची. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. तक्रार नोंदवून घेतली, नंबर आला, आणि कळलं की आमच्या भागाचा माणूस नांदेडहून येतो, दोन-चार तक्रारी साठल्या की एकदम. त्या आठवड्यात थंडीची लाट होती. अख्ख्या शहराचे गिझर एकाच आठवड्यात बिघडल्यासारखे वाटतात ते उगीच नाही. आठ-नऊ महिने बंद पडून असलेली वस्तू एकदम रोज दोन-दोन तास चालायला लागते, आणि आतली सगळी दुखणी एकाच वेळी वर येतात.

मग आमच्याकडे जे सगळे करतात तेच केलं. विचारत सुटले. वसमत रोडवरचा इलेक्ट्रिकच्या सामानाचा दुकानदार, खालचे वॉचमन, शाळेतले शिपाई, समोरच्या वहिनी. प्रत्येकाकडे एक नंबर होता आणि प्रत्येक नंबरमागे एकच शिफारस होती: "लगेच येतो आणि जास्त पैसे घेत नाही." तो चांगलं काम करतो का, हे मी विचारलं की समोरचा क्षणभर थांबायचा. वाईट काम करतो असं त्याला म्हणायचं नसायचं. तो प्रश्न त्यानं स्वतःला कधी विचारलेलाच नसायचा.

पहिला मुलगा चुणचुणीत होता. आल्या आल्या त्यानं झाकण उघडलं, आत नजर टाकली आणि "कॉइल गेली" असं सांगून टाकलं. तासाभरात नवी कॉइल बसली. जुनी तो पिशवीत टाकून घेऊन गेला. पंधरवड्यानं पुन्हा ईएलसीबी पडायला लागली. या वेळी त्याला वेळ नव्हता म्हणून दुसरा आला. त्यानं गिझर उघडलाच नाही. पेटीपाशी गेला, ईएलसीबी दोनदा वर-खाली केली आणि म्हणाला, "ताई, ही ईएलसीबीच नाजूक झालीय. उगं पडू लालीय. डायरेक्ट करून देतो, काही होत नाही." आणि त्यानं ती बाजूला काढून वायर सरळ जोडून दिली. लाईट जायची थांबली. पाणी तापायला लागलं. त्याचे पैसे देऊन झाले.

दोन दिवसांनी आत्या न्हाणीतून म्हणाल्या, "अगं, नळाला हात लावला की मुंग्या आल्यावानी होऊ लालंय." त्यांना वाटलं संधिवाताचंच काहीतरी नवीन सुरू झालं. मी मेन स्विच बंद केला आणि खाली बसले. माझे पाय लटपटत होते.

या ईएलसीबीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण आमच्या इमारतीत अर्ध्या घरांतून ती काढून टाकलेली निघाली. आजकाल पेटीत असते तिचं खरं नाव आरसीसीबी, पण बाजारात आणि बोलण्यात ईएलसीबीच. घरात फेजमधून जितकी वीज येते तितकीच न्यूट्रलमधून परत गेली पाहिजे. येणं आणि जाणं जुळलं नाही, तर मधली वीज कुठंतरी गळते आहे. लोखंडातून, ओल्या भिंतीतून, किंवा माणसातून. घरगुती ईएलसीबीला 30 मिलिअँपिअरची गळती पुरते, तेवढ्यावर ती निमिषात लाईट तोडते. 2000 वॅटच्या गिझरला साडेआठ-नऊ अँपिअर लागतात, त्याच्या मानानं हा आकडा अगदीच क्षुल्लक आहे. पण छातीतून गेलेल्या विजेला माणसाचा जीव घ्यायला त्याहून फार जास्त लागत नाही. ती पडते तेव्हा तिचं काम चोख करत असते. तिला काढून टाकणाऱ्या माणसानं आमच्या घरातली राखणच काढून टाकली होती, आणि वर ते काम झाल्याबद्दल पैसे घेतले होते. त्या मुलावर मी चिडले, अजूनही चिडते. पण त्याला तसं करायला कुणी शिकवलं, हा प्रश्न त्या रात्री डोक्यातून जाईना.

शेवटी आत्यांच्या भजनी मंडळातल्या एका मावशींनी एक नंबर दिला. शिफारस मात्र वेगळी होती. "माणूस चांगला आहे, पण बघायचे पैसे घेतो." मावशींच्या आवाजात तक्रार होती. नुसतं बघायचे तीनशे रुपये! दुरुस्ती निघाली तर तिचे वेगळे, नाही निघाली तरी तीनशे द्यायचेच. याच कारणानं त्यांनी स्वतः त्यांना परत कधी बोलावलं नव्हतं. मी त्याच संध्याकाळी फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "ईएलसीबी काढली का कुणी?" मी हो म्हणाले. "मग मेन बंद ठेवा. मी सकाळी येतो. गिझरला हात लावू नका."

काका साठीच्या पुढचे. परभणीच्या आयटीआयमधून वीजतंत्रीचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, मग वाळूजच्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी, आणि निवृत्तीनंतर परत गावी. हातात एक कापडी पिशवी, तीत हत्यारं फडक्यात गुंडाळलेली. बूट दाराबाहेर काढले, पण पिशवीतून रबरी तळाची चप्पल काढून घातली आणि म्हणाले, "ओल्या न्हाणीत अनवाणी काम करायचं नाही, मावशी माफ करा." मग गिझरकडे न जाता ते आत्यांपाशी बसले. मुंग्या कधी येतात, गिझर चालू असताना की बंद असताना, नळ उघडताना की बादलीला हात लावताना, पायात चप्पल असते का. आत्यांना कुणीतरी पहिल्यांदाच नीट विचारत होतं. त्यांनीही नीट सांगितलं: गिझर चालू असताना, फक्त लोखंडी नळाला, आणि फरशी ओली असली तरच.

मग त्यांनी पिशवीतून एक होल्डर काढला, दोन वायरींचा, त्यात 100 वॅटचा जुना पिवळा बल्ब. टेस्ट लॅम्प म्हणतात त्याला. मेन चालू करायला लावून त्यांनी गिझरच्या सॉकेटमध्ये आधी फेज आणि न्यूट्रलमध्ये वायरी धरल्या. बल्ब लख्ख पेटला. मग एक वायर न्यूट्रलमधून काढून वरच्या मोठ्या भोकात घातली, अर्थिंगच्या, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या वायरीच्या. बल्ब पेटला खरा, पण आतली तार नुसती तांबूस दिसत होती.

"बघा ताई. ईएलसीबी जागेवर असती तर मी वायर लावताच पडली असती. ती नाही म्हणून बल्ब पेटला. आणि अर्थिंग धड असती तर आगुदरच्याइतकाच पेटला असता. अर्थिंग हाय, पण नावाला."

तो मंद बल्ब त्यांनी मला स्वतःच्या हातानं धरून पाहायला लावला, म्हणजे होल्डरचा लाकडी दांडा. त्यांना मला पटवायचं होतं असं वाटलं नाही. आपल्याला जे दिसतं ते घरच्या माणसालाही दिसलं पाहिजे, अशी त्यांची रीतच होती. तीन पिनांमधली मोठी पिन लांब का असते हेही त्यांनी सांगितलं: आत जाताना तिचा स्पर्श सगळ्यात आधी व्हावा आणि निघताना सगळ्यात शेवटी सुटावा, म्हणून. इतकी वर्षं प्लग हातात धरूनही ते मला ठाऊक नव्हतं.

मग मेन परत बंद करून त्यांनी गिझर उतरवला. खालून पाणी काढून टाकलं, बोल्ट सोडवले, आणि कॉइल बसवलेली चकती हळूच बाहेर ओढली. तिच्यामागोमाग न्हाणीच्या फरशीवर जे आलं ते मी अजून विसरले नाही. पांढुरके, करड्या कडांचे, अंड्याच्या कवचासारखे तुकडे, आणि त्यांच्या मागून ओला भुगा. घमेलं बऱ्यापैकी भरलं. आमच्या बोअरचं पाणी. आमच्या पायाखाली सगळा बेसाल्टचा काळा पाषाण, त्याच्या भेगांतून शेकडो फूट खाली जिरलेलं पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. तापलं की त्यातला विरघळलेला बायकार्बोनेट फुटतो आणि चुना होऊन खाली बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आमच्या बोअरचं पाणी त्या दुसऱ्या आकड्याच्याही वर आहे, सोसायटीनं एकदा तपासून घेतलं होतं. साठ अंशांच्या वर पाणी जितकं तापवावं तितका क्षार जोरात बसतो, आणि आमच्या गिझरची तापमान ठरवायची चकती कुणीतरी 75 वर फिरवून ठेवलेली होती.

क्षारांच्या आत कॉइल होती, नवीच. काकांनी ती फडक्यानं पुसली, उन्हात ठेवली, आणि वाळल्यावर मेगर, म्हणजे वीज कुठं गळते का ते मोजायचं यंत्र, लावून तपासली. कॉइल ठणठणीत होती. म्हणजे पहिल्या मुलानं बदलली ती जुनी कॉइलही बहुधा ठणठणीतच असणार, पण ती घरात नव्हती, त्यामुळे ते आता कळायला मार्ग नव्हता. "बदललेला जुना माल घरात ठेवून घेत जा," काका म्हणाले. "माल जुना असो की जळका, त्याच्यावर वाचता येतं."

खरा दोष चकतीच्या कडेला होता. कॉइल बदलताना जुनं, चपटं झालेलं रबरी गॅस्केट तसंच परत बसवलेलं होतं. त्यातून पाणी थेंब-थेंब झिरपून थेट कॉइलच्या टोकांवर, वायरी जोडतात त्या जागी येत होतं. काकांनी बोट लावून दाखवलं. पितळी टोकावर हिरवट गंज आणि त्याच्याभोवती क्षाराचं पांढरं कडं. "इथून गळू लालंय. पाणी थंड हाय तवर गॅस्केट धरतं, तापून दाब वाढला की सोडतं. मनून चालू केल्यावर थोड्या वेळानं ईएलसीबी पडायची." पन्नास-साठ रुपयांचं गॅस्केट. आणि त्या गॅस्केटपायी घरात ईएलसीबी नव्हती, आणि ईएलसीबी नाही म्हणून गळणारी वीज त्या दुबळ्या अर्थिंगनं जेमतेम वाहत, उरलेली नळापर्यंत पोचत होती.

चकतीच्या मध्यावर एक तारेचा तुकडा लोंबत होता. मला वाटलं काहीतरी तुटलेलं असेल. तो मॅग्नेशियमचा रॉड होता, होता म्हणजे एके काळी. टाकीच्या पोलादाला गंज लागू नये म्हणून हा रॉड आत बसवतात. पाणी टाकीच्या ऐवजी त्याला खातं. तो संपला की टाकीची पाळी. आमच्यासारख्या पाण्यात दर वर्षा-दोन वर्षांनी तो पाहायला हवा, आणि गिझर घेताना ही गोष्ट आम्हाला कुणीही सांगितली नव्हती. काकांनी रॉड बदलला, गॅस्केट बदललं, वायरींची टोकं कापून नवी केली, तापमानाची चकती 55 वर आणली, सेफ्टी व्हॉल्व्ह सोडवून त्याच्यातला क्षार काढला. व्हॉल्व्ह जाम झालेला होता. पाणी फार तापून दाब वाढला तर तो दाब बाहेर सोडायची तीच एक वाट.

आणि मग म्हणाले, "गिझर झाला. पण मी चालू करू देणार नाही. आगुदर ईएलसीबी बसवा, अन् खाली अर्थिंग बघू."

इथं जरा थांबून त्या दुसऱ्या मुलाकडे परत जाते. त्याच्याबद्दल मी बरीच चौकशी केली, चिडूनच केली. बारावी अर्धवट, एका वायरमनच्या हाताखाली तीन-चार वर्षं, मग स्वतःचा मोबाइल नंबर दुकानांत देऊन ठेवलेला. आयटीआयला जायचं होतं, पण घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. आणि जी मुलं आयटीआय करतात ती गावात राहत नाहीत. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही दोन वर्षांचे कोर्स, त्यापुढे शिकाऊ उमेदवारी. ती मिळते चाकणला, रांजणगावला, वाळूजला, शेंद्र्याला. मुलगा एकदा तिकडे गेला की परभणीत गिझर दुरुस्त करायला परत कशाला येईल? शिकलेला हात गावाबाहेर जातो आणि गावात उरतो तो नुसत्या सरावाचा हात. कॉइल कशी बदलायची हे त्या हाताला झोपेतही येतं. ईएलसीबी का पडते, हे त्याच्या शेजारी बसून कुणी कधी समजावलेलं नसतं.

कायद्याकडे पाहावं तर तिथंही आपल्याला थोडंच मिळतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे वायरिंगचं काम, त्यातली भर, बदल, दुरुस्ती, ही परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायची असते. पण दिवे, पंखे, फ्यूज, घरगुती उपकरणं बदलणं अशी किरकोळ कामं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे नवा पॉइंट काढणाऱ्याकडे परवाना मागायचा मला हक्क आहे आणि तो मी यापुढे मागणार आहे. गिझर उघडणाऱ्याला मात्र कसलाच कागद लागत नाही. तिथं पारख करायची ती घरच्यांनीच.

आणि ती पारख आपण कशावर करतो? आज येईल का आणि किती घेईल. मी काकांना विचारलं, बघायचे वेगळे पैसे का घेता, लोक नाराज होतात. त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगते आहे. ते म्हणाले, "तुम्ही मला बघायचे पैसे नाही दिले, तर माझं पोट मालावर. मग मला कॉइल बदलल्याबिगर तुमच्या घरातून निघताच येणार नाही. कॉइल चांगली हाय म्हणलं तर माझा दिवस फुकट गेला."

कारागीर लबाड असतात असं आपण सहज म्हणून मोकळे होतो. पण आपण पैसे कशाचे देतो ते पाहावं. नवी वस्तू बसली, ती हातात घेऊन पाहता आली, की आपण खिशात हात घालतो. दीड तास तपासून "काही बदलायची गरज नाही" म्हणणाऱ्याला चहा पाजतो आणि "मग काय द्यायचं?" असं विचारतो, तेही अशा आवाजात की त्यानं "राहू द्या" म्हणावं. डॉक्टरनं नाडी पाहून "काही नाही, आराम करा" म्हटलं तरी तपासणी फी आपण निमूट देतो, उलट सुटकेचा श्वास टाकतो. वायरमनला ती फी द्यायची वेळ आली की ती आपल्याला लूट वाटते. मग जो कारागीर पाहण्यात वेळ घालवतो तो उपाशी राहतो, आणि जो झाकण उघडताच वस्तू बदलतो त्याचा धंदा चालतो. चार-पाच हिवाळ्यांत गावात कुठल्या प्रकारचे कारागीर उरतील, हे आपणच ठरवत असतो. तो दुसरा मुलगा आमच्या घरी आला तेव्हा त्यानं गिझर उघडून तासभर तपासला असता आणि गॅस्केटचे साठ रुपये सांगितले असते, तर त्याच्या हातात काय पडलं असतं? ईएलसीबी काढण्याचे त्याला जास्त मिळाले. हे मला कुठल्याही शिक्षणापेक्षा मोठं कारण वाटतं. त्या मुलाला मी नंतर बोलावलं, काकांच्या समोर, आणि तो आला. काकांनी त्याला रागावलं नाही. टेस्ट लॅम्प हातात दिला आणि अर्थिंग तपासायला लावली.

अर्थिंगचं काम खाली पार्किंगमध्ये निघालं. बिल्डरनं आमच्या अ विंगेसाठी केलेला अर्थिंगचा पिट पेव्हर ब्लॉकखाली गाडला गेला होता, कुठल्या तरी दिवाळीत पार्किंग सुशोभित केलं तेव्हा. मुलगा आणि वॉचमन यांनी ब्लॉक उचकटले तेव्हा बिडाचं झाकण सापडलं. पिट म्हणजे जमिनीत आठेक फूट गाडलेला गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी ओतायला नरसाळं. मातीत ओल असेल तरच वीज जमिनीत उतरते. आमची काळी माती पावसात फुगते आणि वाळली की आक्रसून तडकते. पाइपभोवतीची माती आक्रसून बाजूला सरली की पाइप नुसता पोकळीत उभा राहतो. वर ब्लॉक घातल्यावर पावसाचं पाणीही तिथं जात नव्हतं. काकांनी नरसाळ्यात काडी घातली, ती कोरडी ठक्क बाहेर आली, टोकाला धुळीची पूड. वॉचमननं बादल्या ओतायला सुरुवात केली तेव्हा पाणी गटागट आत जात राहिलं. दुष्काळ शेताचं आणि विहिरीचं काय करतो ते आम्ही लहानपणापासून पाहत आलो. तो इमारतीच्या अर्थिंगपर्यंत पोचतो आणि तिथून न्हाणीतल्या नळाला येतो, हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी वर येऊन मुलानं पुन्हा बल्ब लावला, तेव्हा तो बऱ्यापैकी उजळला. पिट नव्यानं भरावा लागणार होताच, पण निदान दिशा कळली. नवी ईएलसीबी बसवून, तिचं टेस्ट बटन दाबून ती पडते हे आत्यांना दाखवून, मगच काकांनी गिझर चालू करू दिला.

जाता जाता समोरच्या वहिनींच्या न्हाणीत त्यांनी डोकावलं. तिथं गॅस गिझर होता, खिडकी थंडी येते म्हणून पुठ्ठ्यानं बंद केलेली. काकांचा चेहराच बदलला. बंद जागेत गॅस जळायला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, आणि माणसाला दार उघडायची शुद्ध राहत नाही. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्या ना कुठल्या गावाची अशी बातमी येते. वहिनी म्हणाल्या, मुलीचं आंघोळीनंतर रोज डोकं दुखतं, आम्हाला वाटलं केस ओले राहतात म्हणून. काकांनी उभ्या उभ्या पुठ्ठा काढला, गॅसचा कॉक बंद केला, आणि गिझर बाल्कनीत हलवल्याशिवाय मुलीला त्या न्हाणीत पाठवू नका असं अगदी हात जोडून सांगितलं. त्या सल्ल्याचे त्यांनी काही घेतले नाहीत. वहिनींनी बळंच हातात ठेवले.

हे सगळं झाल्यावर सोसायटीच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडल्या. दसरा झाला की, थंडी पडायच्या आधी, ज्याला हवं त्याच्या घरचा गिझर, ईएलसीबी आणि अर्थिंग तपासून घ्यायचं, आणि तपासणीचे पैसे ठरवून द्यायचे, दुरुस्ती निघो अथवा न निघो. दुसरी, दोन्ही विंगांच्या पिटांना उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी घालायचं काम वॉचमनच्या वहीत लिहायचं. दुसऱ्या गोष्टीला लगेच माना हलल्या. पहिलीवर बराच वाद झाला. नुसतं बघायचे कशाला, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकानं विचारला. शेवटी तळमजल्यावरच्या एका आजोबांनी, जे एरवी प्रत्येक वर्गणीला विरोध करतात, मला विचारलं की त्या बल्बनं त्यांच्या घरातली अर्थिंगही कळेल का. मी हो म्हणाले. "मग माझं नाव आधी लिहा."

अ विंगेचा पिट आता कोळसा-मीठ घालून नव्यानं भरून झाला आहे. ब विंगेचा अजून सापडलेला नाही. बिल्डरच्या नकाशात तो दाखवलेला नाही, आणि कुणी म्हणतं जिन्याखाली आहे, कुणी म्हणतं बोअरच्या शेजारी. येत्या रविवारी काका आणि तो मुलगा दोघं मिळून शोधायला येणार आहेत. कदाचित दिवसभर ब्लॉक उचकटूनही काही हाती लागणार नाही. बघायचे पैसे चिटणीसांनी आधीच काढून ठेवलेत, दोघांचे वेगवेगळे.